यंदा काय वाचलंत? वाचकांचे प्रश्न आणि ताईंची उत्तरं

मागच्या अंकात एवढंच म्हटलं होतं की वर्ष संपत आलंय, वाचनाबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा. पत्रं आली, मेसेज आले, व्हॉइस नोटसुद्धा आल्या (एकीत मागे कुकरच्या शिट्ट्या इतक्या जोरात आहेत की प्रश्न कळलाच नाही, त्या बाईंनी कृपया परत पाठवावा, भात झाल्यावर). सगळी उत्तरं एका अंकात मावणार नाहीत म्हणून जे प्रश्न फिरून फिरून आले ते घेतलेत. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय, तर कोणाचंच नको, नाशकातलं नुसतं ठिकाण दिलंय.

सिडको: ताई, जानेवारीत पन्नास पुस्तकांचं टार्गेट ठेवलं होतं. ऑफिस, डबे, मुलीची दहावी, दहासुद्धा झाली नाहीत. त्यात मध्ये 'झाडाझडती' वाचलं तर पुढे कितीतरी दिवस दुसरं काही हातातच घ्यावंसं वाटेना. आमच्या ग्रुपवर एक जण सारखे आकडे टाकत असतो, ते बघून वाईट वाटतं. तुमची किती झाली?

माझी किती झाली ते मोजलेलं नाही आणि मोजलं असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं, कारण मग तुम्ही त्याच्यावरूनही वाईट वाटून घेतलं असतं. पन्नासचं टार्गेट ठेवलं की माणूस काय करतो माहितीये का, पातळ पुस्तकं शोधायला लागतो. लायब्ररीत 'पानिपत' हातात घेतो, जाडी बघतो, एवढ्या वेळात चार होतील असा हिशोब करतो आणि गुपचूप परत ठेवतो. मी असे लोक बघितलेत, कपाटाच्या पलीकडून.

आणि 'झाडाझडती'नंतर काही वाचवलं नाही याचं तुम्हाला वाईट कसलं वाटतंय? धरणात गाव गेलेल्या माणसांची कादंबरी आहे ती, विश्वास पाटलांना १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याच पुस्तकाला मिळाला, आणि ती वाचून दुसऱ्या दिवशी लगेच पुढचं पुस्तक उघडणारा माणूस मला तरी जरा संशयास्पद वाटतो. ते दिवस तुम्ही तेच पुस्तक वाचत होतात, फक्त ते मिटलेलं होतं. मुलीची दहावी होऊ द्या, मग बघू. ग्रुप म्यूट करायची सोय आहे, ती वापरा.

गंगापूर रोड: लिस्ट नको, एकच नाव सांगा. यंदाचं सगळ्यात आवडतं.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. हो, परत तेच, आणि काही जण आता पान उलटणार आहेत ते मला माहितीये.

यंदा माझ्याकडून आत्मचरित्रंच जास्त वाचली गेली, ठरवून नाही, एकातून दुसरं निघत गेलं. मे महिन्यात जयंत नारळीकर गेले तेव्हा त्यांचं 'चार नगरांतले माझे विश्व' काढलं, जूनमध्ये मारुती चितमपल्ली गेले तेव्हा 'चकवाचांदण', आणि मग वर्षभर ती गाडी थांबलीच नाही. वाचता वाचता माझं एक मत पक्कं झालं, ते सांगते, पटलं तर घ्या. जो लेखक स्वतःच्या गोष्टीत दुसऱ्या माणसांना नीट बसायला जागा देतो त्याचंच आत्मचरित्र परत उघडावंसं वाटतं. बाकीची मग सत्कार, हारतुरे आणि परदेश दौरे. ती एकदा वाचतानाच जड जातात.

आता नारळीकरांचं घ्या. केवढा मोठा माणूस, केंब्रिज, गुरू फ्रेड हॉईल, सगळं आहेच त्यात, पण मला जे लख्ख आठवतं ते बनारसच्या घरातला फळा. मोरूमामा शिकायला त्यांच्याकडे राहायला आलेले, ते फळ्यावर गणिताचं एक कोडं लिहून ठेवायचे, खास या भाच्याला आव्हान म्हणून, आणि ते सुटेपर्यंत फळा पुसायचा नाही. येता जाता ते कोडं पोराकडे बघतंय! मामा काही बोलत नाहीत, शिकवत नाहीत, मागे लागत नाहीत. चितमपल्लींच्या पुस्तकातही तेच, रान त्यांना आधी आईने आणि मामाने दाखवलं, जंगल खात्याची नोकरी नंतर. म्हणजे यंदाच्या माझ्या वाचनात मामा लोकांनी बाजी मारली म्हणायला हरकत नाही.

पण लक्ष्मीबाई टिळकांची सर कोणालाच नाही. बाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, माहेरच्या गोखले, जन्म १८६८ चा. तुमच्याच रस्त्याने गाडी काढलीत तर फार लांब नाही. त्यांच्या आजोबांना सत्तावन्नच्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिलं आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं, सुरुवातच तिथून आहे. सगळं धुवायचं, धुतलेलं परत धुवायचं, शिवाशिवीच्या धाकात घरातली एकूण एक माणसं. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर रडरड झाली असती, किंवा वडिलांना झोडपून काढलं असतं. या बाई सांगतात ते तुम्ही ओट्याशी उभ्या आहात आणि शेजारीण हसत हसत सांगतेय असं. हसू येतं आणि दोन पानांनी लक्षात येतं की आपण कशाला हसलो.

मग लग्न, नारायण वामन टिळक, मोठे कवी, आणि संसाराच्या नावाने पूज्य. घरात पैसा टिकत नाही, मनात आलं की माणूस निघून जातो, कुठे गेला पत्ता नाही. १८९५ ला ते ख्रिस्ती झाले आणि त्यानंतर काही वर्षं ही बाई एकटी, नवऱ्यापासून वेगळी, मुलगा पदरात, नातेवाईक चहूबाजूंनी बोलतायत. मला दर वेळी आश्चर्य याचं वाटतं की एवढं सगळं होऊनही पुस्तकात टिळक खलनायक होत नाहीत. चिडतात त्या त्यांच्यावर, टोमणे तर असे मारतात की बास, पण माणूस जसा होता तसा पूर्ण उभा करतात, त्याच्या दिलदारपणासकट आणि वेडेपणासकट. आणि स्वतःच्या मनातली जात कशी गळून पडली हेही त्या कुठलं भाषण न देता सांगतात, पाणी कोणाच्या हातचं प्यायलं, जेवायला कोणाजवळ बसलो, अशा गोष्टींतून. शाळेत न गेलेली बाई, अक्षरओळख नवऱ्याकडून झालेली, ती सुद्धा त्याची लहर लागेल तशी. मराठी गद्य शिकायचं असेल तर मी तरी दुसरीकडे कुठे पाठवणार नाही कोणाला.

एकच सांगा म्हणालात आणि मी अख्खं पान घेतलं. असो.

नाशिकरोड, एक बाबा: मुलगा पाचवीत आहे. आम्हाला लहानपणी 'श्यामची आई' वाचून रडू यायचं म्हणून त्याला हौसेने आणून दिलं. दोन पानं वाचली, म्हणाला बोअर आहे. आता काय करू?

काही करू नका, रागावू तर अजिबात नका. रडू येईल म्हणून कोणी पुस्तक वाचतं का हो? आपणच त्या पुस्तकाला अश्रूंचं लेबल चिकटवून ठेवलंय. सिनेमाने त्यात भर घातली, अत्र्यांचा तो १९५३ चा सिनेमा सुंदरच आहे, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं, पण तेव्हापासून श्यामची आई म्हणजे रुमाल घेऊन बसायचं असंच झालंय.

मी यंदा ते परत वाचलं (आत्मचरित्राच्याच नादात) आणि मला त्यात दिसलं ते कर्ज. एक बऱ्यापैकी घर हळूहळू कर्जात बुडतं, दारात वसुलीवाला येतो, घरातल्या बाईला नको ते बोलतो, आणि हे सगळं एक पोरगं बघतंय. हे आजच्या पाचवीतल्या पोराला कळत नाही असं नाही, ईएमआय हा शब्द त्यांना आपल्याआधी कळतो.

असं करा, पहिल्या पानापासून वाचायला लावू नका. पुस्तक रात्रींमध्ये विभागलेलं आहे, 'अळणी भाजी' नावाची रात्र काढा आणि जेवण झाल्यावर तुम्ही स्वतः मोठ्याने वाचा. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील जेवतात, पोरं जेवतात, कोणी एक शब्द बोलत नाही, आणि शेवटी आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. बस, एवढीच गोष्ट. वाचून झालं की बोध सांगू नका, प्लीज. पुस्तक मिटा आणि झोपायला पाठवा. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं तर 'मुकी फुले' वाचा, नाही विचारलं तर आठ दिवस जाऊ द्या.

आणि त्याला हे जरूर सांगा की हे पुस्तक त्याच्याच गावात लिहिलं गेलंय, तुरुंगात. १९३३ च्या फेब्रुवारीत साने गुरुजी नाशिकच्या जेलमध्ये होते आणि बहुतेक सगळं त्यांनी तिथे पाच दिवसांत लिहून काढलं, पुस्तक म्हणून आलं १९३५ ला. तुम्ही नाशिकरोडचे, जेलवरून तर रोज जात असाल. पोरांना जेल म्हटलं की कान टवकारतात, पाचवीतल्या तर जास्तच.

विहितगाव, एक विद्यार्थी: ताई, तुम्ही दर वेळी जुनीच पुस्तकं सांगता. आमच्या पिढीने काय वाचायचं? नवीन लिहिणारे कोणी नाहीतच का?

आहेत रे बाबा, भरपूर आहेत. शरद बाविस्करांचं 'भुरा' वाच, २०२१ चं आहे. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातला मुलगा, दहावीला इंग्रजीत नापास, मजुरी केली, आणि पुढे जेएनयूत फ्रेंच शिकवायला लागला. एवढं ऐकून तुला वाटेल की मोटिव्हेशनल आहे, तसं ते नाहीये. मधेमधे तत्त्वज्ञानाचं वजन जरा जास्त होतं असं माझं मत, तिथे मी भराभर पानं उलटली, पण त्यातली आई बघ. परत माझा तोच मुद्दा, स्वतःपेक्षा दुसऱ्यांना जागा. आणि ते गावाकडचं बोलणं जसंच्या तसं येतं, तुमच्या हॉस्टेलवरची खान्देशी पोरं बोलतात ना, काय रे भो, तसलं.

कृष्णात खोतांचं 'रिंगाण' वाच, २०२३ चा साहित्य अकादमी त्याला आहे. धरणामुळे गाव उठलंय, म्हैस मागे राहिलीय, आणि एक माणूस तिला शोधायला परत त्या रानात जातो. छोटी कादंबरी आहे पण सोपी नाही, पहिली काही पानं धीर धर. आपण गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जातो, कणीस खातो, फोटो काढतो, घरी येतो, पाण्याखाली काय असेल हे आपल्या डोक्यात येत नाही. हे वाचल्यावर येतं.

पण तू ज्या गावातून पत्र लिहितोस तिथला एक माणूस तू वाचला नसशील तर मी तुला सोडणार नाही. बाबुराव बागूल. विहितगावचेच, १९३० चा जन्म. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा, ज्या साली 'कोसला' आली त्याच सालचा. कोसला तुमच्या ग्रुपमध्ये सगळे मिरवतात, बागूल कितीजण वाचतात? त्या नावाच्याच कथेत रेल्वेत नोकरीला लागलेला एक तरुण आहे, परगाव, खोली मिळत नाही, म्हणून तो जात सांगत नाही. पुढे काय होतं ते मी लिहीत नाही, तू वाच. साठ वर्षांपूर्वीची कथा आहे आणि भाड्याने खोली शोधणाऱ्या तुझ्या एखाद्या मित्राला विचार ती जुनी वाटते का.

इंदिरानगर: रोज पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जातो. पहाटे उठलेला असतो, पुस्तक उघडलं की इगतपुरीच्या आत डोळा लागतो, म्हणून यंदा सगळी पुस्तकं ऑडिओवर ऐकली. बायको म्हणते हे वाचन नाही. तुम्ही निकाल द्या.

नवरा-बायकोच्या भांडणात निकाल मी देत नसते, पण वहिनींना दोन गोष्टी सांगा. विनोबा १९३२ ला धुळ्याच्या जेलमध्ये गीतेवर बोलले, साने गुरुजींनी ते ऐकता ऐकता उतरवून घेतलं आणि त्याची 'गीता प्रवचने' झाली. म्हणजे ते पुस्तक पुस्तक व्हायच्या आधी लोकांनी ऐकलेलंच होतं. आणि आपल्या आज्या पोथी ऐकायला जायच्या, त्यांच्यातल्या कितीकींना अक्षर येत नव्हतं, पण ओव्या पाठ असायच्या. त्यांना कोणी म्हणालं का की हे काही खरं नाही?

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या मराठीत आणल्या त्या उमा कुलकर्णींनी, 'पर्व' वगैरे आपण सगळ्यांनी वाचलं ते त्यांच्यामुळे. तर त्यांचे यजमान विरुपाक्षराव कन्नड पुस्तक वाचून टेप करून ठेवायचे आणि उमाताई ते ऐकून मराठीत लिहायच्या. 'संवादु अनुवादु' या आत्मचरित्रात हे सगळं आहे. भैरप्पा यंदा सप्टेंबरमध्ये गेले तेव्हा मी 'पर्व' काढायला गेले आणि हातात आलं हे पुस्तक, मग हेच वाचत बसले. त्यातही बघा, अनुवादाचं पुस्तक म्हणून उघडावं आणि डोळ्यासमोर राहतं ते नवऱ्याचं वाचणं आणि बायकोचं ऐकणं, तेही बिनतक्रार. तर वहिनींना म्हणावं, एका घरात ऐकण्यावर एवढं मोठं काम झालंय.

एक अट मात्र आहे. दीडपट वेगाने ऐकत असाल तर वहिनी बरोबर आहेत. आणि कसारा घाटात रेंज जाते, आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवत जा.

कॉलेज रोड: अर्धवट टाकलेल्या पुस्तकांचं काय करायचं? अपराधी वाटतं.

टाकून द्यायची, म्हणजे वाचायची सोडून द्यायची. पुस्तक काय तुमच्या दारात धरणं देऊन बसलेलं नाही. यंदा मीही काही सोडली, त्यात एक तर सगळीकडे गाजलेलं होतं, नाव सांगितलं तर मारामारी होईल. एखादं पुस्तक चाळिशीत सुटतं आणि पन्नाशीत पकडतं, त्यामुळे विकू नका एवढंच.

पंचवटी, एक आजोबा: वय ऐंशीच्या पुढे. घरात पुस्तकांनी दोन कपाटं आणि दिवाणाखालची जागा भरली आहे. मुलगा-सून म्हणतात कमी करा. रद्दीवाल्याला द्यायला जीव होत नाही. वाचनालयाला द्यावीत का?

आजोबा, आधी नमस्कार. तुमचं अक्षर बघून प्रूफ बघणारा मुलगासुद्धा खूश झाला.

वाचनालयाला द्या पण विचारून द्या. लोकांना वाटतं पुस्तक दिलं म्हणजे दानच झालं, आणि मग वाळवी लागलेली गाईडं आणि जुनी पंचांगं पोत्यात भरून दारात ठेवून जातात, ती हलवायला माणूस लागतो. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, त्यांच्याकडे तुमच्याजवळ असलेल्या कितीतरी पुस्तकांच्या प्रती आधीच असणार. म्हणून पहिल्यांदा नातवाला बसवून यादी करून घ्या, नाव, लेखक, साल. यादी दाखवली की ते सांगतील काय हवंय. लहान गावातल्या ड वर्गातल्या (म्हणजे सगळ्यात छोट्या) वाचनालयांना मात्र चांगल्या स्थितीतली कथा-कादंबरी नेहमीच हवी असते, तिकडे आधी विचारा.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' तुम्हाला माहीत असेलच, नाशकातच २००९ ला सुरू झाला, शंभर पुस्तकांची एक पेटी, ती वाचकांच्या गटाकडे जाते, काही महिन्यांनी बदलते, आता पार परदेशात पेट्या गेल्यात. तुमच्या सोसायटीत असा गट आहे का बघा. नसेल तर तुमच्याच दिवाणाखालची शंभर पुस्तकं काढून एक पेटी करा आणि खाली क्लब हाऊसमध्ये ठेवा, सुनेलाच तिची व्यवस्था सांगा. जागा रिकामी होतेय म्हटल्यावर ती आनंदाने करेल.

काय ठेवायचं हेही तुम्ही विचारलंय. ज्याच्या समासात तुम्ही पेन्सिलीने काही लिहिलंय ते देऊ नका. बाकीची जाऊ द्यात. तुमच्या पत्रात शेवटी लिहिलंय की दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत आणि ते कोणी घेत नाही. ते कोणी घेत नाही हे खरंय, वाचनालयंही नाही म्हणतात. पण १९७० च्या आधीचे असतील तर गठ्ठा सोडू नका, रद्दीवाल्यालाही दाखवू नका, आमच्या कार्यालयात फोन करा. मी रिक्षा करून येते.